शाहीर, सरकार आणि पोळ्याच्या झडत्या
(पिंपळगाव राजा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेवर माझा विषय ‘समाजवादी राज्यसत्ता आणि लोकसाहित्य’ असा छापला आहे. असा विषय वाचून शहाणी माणसे घरी जेवायला थांबतात. तुम्ही तरीही आलात, त्याअर्थी तुम्हाला एकतर लोकसाहित्याची आवड आहे किंवा संयोजकांचा धाक आहे. कारण काहीही असो, मी विषय होता होईल तेवढा जमिनीवर ठेवीन. रशिया, चीन, जर्मनी इथे जाऊन येऊ. पण मुक्काम आपल्या खामगाव तालुक्यातच करू.

मार्फा क्र्युकोवा नावाची एक बाई होती. जन्म १८७६. रशियाच्या अगदी उत्तरेला, पांढऱ्या समुद्राच्या किनाऱ्यावर, मासेमारीवर जगणाऱ्या गावात तिचे घर. त्या घरात ‘बिलिना’ गाण्याची परंपरा होती. बिलिना म्हणजे जुन्या वीरांची लांबलचक कथागीते. आपल्याकडचा पोवाडा डोळ्यांपुढे आणा, फक्त डफ आणि झीलकरी वजा करा. तिची आई आग्राफेना मोठी गायिका होती. एकोणिसावे शतक संपता संपता मार्कोव्ह नावाच्या संग्राहकाने तिची गाणी उतरवून घेतली होती. म्हणजे लेक कलेत मुरलेली, अस्सल. तिच्या अस्सलपणाबद्दल शंका नाही. पुढे जे घडले त्याची मौज आणि दुःख दोन्ही त्या अस्सलपणातच आहेत.

१९३० च्या दशकात मॉस्कोची साहित्यिक मंडळी तिच्यापर्यंत पोचली. लेनिनचे चरित्र तिच्या कानावर घालण्यात आले आणि तिने जुन्या वीरगीताच्या चालीत लेनिन बसवला. मग स्टालिन बसवला. जुनी विशेषणे, जुने घोडे, जुनी गरुडभरारी, नायक तेवढा नवा. या रचनांना ‘नोविना’ असे नाव मिळाले, म्हणजे नवगीते. १९३८ साली ती सोव्हिएत लेखक संघाची सभासद झाली. सरकारी मानसन्मान मिळाले. एका कोळ्याच्या घरातली बाई देशाच्या साहित्यिकांच्या पंगतीला बसली, ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. झारच्या राज्यात तिला कोणी उभेही केले नसते. पण १९५३ साली स्टालिन गेला आणि थोड्याच काळात सोव्हिएत अभ्यासकच छापून म्हणू लागले, की नोविना हे लोकसाहित्य नव्हेच; ते लेखकांनी सांगून घडवलेले प्रकरण होते. मार्फा १९५४ साली वारली.

हे कसे घडले, ते थोडे मागे जाऊन पाहू. क्रांतीनंतरच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत लोककथा म्हणजे जुन्या जगाचा कचरा, राजाराणीच्या गोष्टी मुलांना कशाला सांगायच्या, असे म्हणणारे कडवे लोक रशियात पुष्कळ होते. त्याच काळात, १९२८ साली, व्लादिमीर प्रॉप या अभ्यासकाने अफनास्येव या जुन्या संग्राहकाच्या शंभर परीकथा घेऊन त्यांचा सांगाडा मांडला. राजपुत्र असो की शेतकऱ्याचा धाकटा पोर, घटनांचे प्रकार एकतीसच, आणि त्यांचा क्रमही ठरलेला. लोकसाहित्याच्या अभ्यासात त्या शतकात निघालेल्या मोजक्या मोलाच्या पुस्तकांपैकी ते एक. ते कोणाच्या आदेशावरून लिहिलेले नव्हते, आणि सरकारला त्याचा काही उपयोगही नव्हता. १९५८ साली इंग्रजी भाषांतर निघाल्यावर जगाला ते कळले. खुद्द प्रॉपवर मात्र १९४६ च्या त्याच्या पुढच्या पुस्तकासाठी तोंडसुख घेतले गेले. गुन्हा काय, तर परदेशी विद्वानांचे दाखले फार दिले.

वारे फिरले ते १९३४ च्या ऑगस्टमध्ये. सोव्हिएत लेखकांच्या पहिल्या अधिवेशनात मॅक्सिम गॉर्कीने सांगितले, की लोककथा ही कष्टकऱ्यांच्या कामातून आणि आशेतून जन्मलेली कला आहे. लेखकांनी तिच्याकडे जावे. बोलणे खरे होते. पण राज्याने ते उचलले आणि त्याचा हुकूम झाला. १९३६ साली मॉस्कोत जुन्या वीरांची टिंगल करणारे ‘बोगातिरी’ हे संगीतक रंगमंचावर आले, तर ते तडकाफडकी बंद पाडले गेले. काही वर्षांपूर्वी हेच वीर सरंजामी म्हणून शिव्या खात होते, आता त्यांची थट्टा म्हणजे जनतेचा अपमान ठरला. १९५१-५२ मध्ये मध्य आशियातल्या मोठमोठ्या महाकथांवर पुन्हा उलटी कुऱ्हाड आली. किरगिझ लोकांच्या ‘मानस’वर तर खटला चालवावा तशी परिषद भरली. तिथल्या लोकांनी ‘मानस’ची बाजू हिमतीने लढवली म्हणून ‘मानस’ वाचले.

चीनने हाच खेळ आणखी मोठ्या मैदानावर मांडला. १९४२ साली येनानच्या भाषणांत माओने कलावंतांना जनतेच्या कलेकडे वळायला सांगितले, आणि ‘यांगगे’ या नववर्षाच्या सणातल्या नाचगाण्यातून नवी नाटके उभी राहिली. ती पाहायला शेतकरी लोटले, हेही खरे. पण १९५८ च्या ‘मोठी झेप’ या मोहिमेत गावागावाला नवी लोकगीते रचायला लावली. धान्याचे आकडे फुगवले तसे गाण्यांचेही फुगले. त्यातली निवडक तीनशे गाणी १९५९ मध्ये ‘लाल झेंड्याची गाणी’ म्हणून छापून निघाली. त्याच सुमारास कोट्यवधी माणसे भुकेने मरू लागली होती. त्या तीनशे गाण्यांत कोठारे भरलेली आहेत.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, कम्युनिस्टांना शिव्या घालायलाच वक्ता बोलावला आहे. तसे नाही. पूर्व जर्मनीत वोल्फगांग श्टाइनिट्झ नावाचा विद्वान होता. त्याने जर्मन लोकगीतांची जुनी दप्तरे पुन्हा उघडली. राष्ट्रप्रेमी पंडितांनी गोड, निरागस, प्रेमाची गाणी तेवढी वेचली होती. सैन्यातून पळालेल्या शिपायाची, उपाशी विणकराची, जमीनदारावर दात खाणाऱ्या कुळाची गाणी बाजूला सारली होती. श्टाइनिट्झने सहा शतकांतली ती गाणी १९५४ आणि १९६२ साली दोन खंडांत आणली. ‘संग्राहकाने काय वगळले?’ हा प्रश्न लोकसाहित्याच्या अभ्यासाला मिळाला तो मुख्यतः डाव्यांकडून, आणि तो आपल्यालाही विचारून घेण्यासारखा आहे. साने गुरुजींचे ‘स्त्री जीवन’ १९४० चे. काकासाहेब कालेलकर आणि आपल्या विदर्भाचे वामन चोरघडे यांचे ‘साहित्याचे मूलधन’ त्याच्या थोडे आधीचे. पुढे राज्याची लोकसाहित्य समिती आली आणि सरोजिनी बाबरांनी ती वर्षानुवर्षे जिवापाड सांभाळली. या सगळ्यांचे ऋण मोठे. पण या वह्यांतून माहेर, भाऊराया, पंढरी जेवढी सापडते तेवढी सासूवरची कचकचीत शिवी सापडत नाही, सावकारावरचे तळतळाट सापडत नाहीत. बायका ते म्हणत नव्हत्या थोड्याच! वहीवाल्या पाहुण्यापुढे कोणती ओवी म्हणायची हे त्यांना कळत होते, आणि कोणती छापायची हे पाहुण्याला.

दामोदर कोसंबी मार्क्सवादी होते, पण त्यांच्या पाठीशी कोणतेही राज्य नव्हते. पुण्याच्या आसपास पायी हिंडून, मेंढपाळांच्या वाटा, शेंदूर फासलेले तांदळे, जत्रांच्या तिथी यांवरून त्यांनी इतिहासाची जुळणी केली. त्यांचे ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ १९६२ साली आले. गावातल्या बाईला ते विचारत की ही देवी इथे कधी आली आणि आधी कुठे होती. तिच्या तोंडी नवी देवी घालायला ते गेले नव्हते. डाव्या विचारातून चांगला अभ्यास निघतो तो असा, एवढेच मला म्हणायचे आहे.

आता शाहिरीकडे येतो.

अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ साली मुंबईत लाल बावटा कलापथक उभे केले. इथे कम्युनिस्ट पक्ष होता, पण राज्य त्याचे नव्हते. आधी इंग्रजांचे, मग काँग्रेसचे. हा फरक लक्षात ठेवा. वाटेगावच्या मातंग वस्तीत १९२० साली जन्मलेल्या अण्णा भाऊंना तमाशा पुस्तकातून कळलेला नव्हता, तो त्यांच्या नात्यागोत्यात होता. त्यांनी त्याची मोडतोड केली ती घरच्या माणसाने केलेली. गणात गणपतीऐवजी कष्टकऱ्यांना, हुतात्म्यांना वंदन आले. गवळण गेली. वगात राजा-प्रधानाच्या जागी शेटजी, पुढारी, गिरणी कामगार उभे राहिले. १९४३ सालीच त्यांनी स्टालिनग्राडवर पवाडा रचला होता. व्होल्गेच्या काठची लढाई परळच्या चाळींत डफावर गाजत होती. मार्फाला लेनिन सांगावा लागला. अण्णा भाऊंनी स्टालिनग्राड स्वतःहून घेतले.

आणि तरी तमाशातली एक गोष्ट त्यांनी सोडली नाही: सोंगाड्या. तमाशा पाहिलेल्यांना बतावणी सांगायला नको. हवालदार किंवा सरदार सरळ प्रश्न विचारतो, सोंगाड्या तिरके उत्तर देतो. ते उत्तर त्या गावचे असते, त्या रात्रीचे असते. सकाळी फड गावात उतरला की सोंगाड्या चहाच्या टपरीवर बसतो. सरपंचाचे काय चालले आहे, कोणाची विहीर कागदावरच खणली गेली, हे काढून घेतो आणि रात्री तेच तोंडावर फेकतो. उद्याच्या गावात तो वाक्यच बदलतो. वगनाट्याचे बाड कितीही क्रांतिकारक असले तरी त्यातली ही जागा कोरी असते. माझ्या मते लोककलेचा जीव या कोऱ्या जागेत आहे, आणि लोककलेला हात लावणाऱ्या प्रत्येक सत्तेची गाडी तिथेच येऊन अडते.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. लाल बावट्याचे प्रयोगही बंद झाले. कारण अश्लीलतेचे सांगितले गेले. राजकारणाचे कारण सांगायला सरकारे लाजतात. कलावंतांनी आरडाओरडा केल्यावर बंदी सैल झाली, पण संहिता लिहून आणा, मंजूर करून घ्या, मग खेळ करा, अशी अट आली. म्हणजे बतावणी आधी लिहून द्यायची! ज्या सोंगाड्याला कोणत्या गावी काय बोलायचे हे टपरीवर कळते, त्याने ते आधीच कागदावर सादर करायचे. मॉस्कोत समाजवादी सरकार होते, मुंबईत गांधीटोपीचे. दोघांच्या टेबलावरचा अर्ज मात्र सारखाच दिसतो. त्याच काळात तमाशाचे ‘लोकनाट्य’ झाले. अण्णा भाऊंसारख्यांनी बंदी चुकवायला ते नाव पुढे केले, सरकारलाही ते सभ्य वाटले, आणि दोघांचेही काम भागले.

इथे वऱ्हाडचा एक तपशील. मुंबई सरकारचा तो हुकूम पिंपळगाव राजाला लागू नव्हता. आपण तेव्हा मध्य प्रांतात, आपली राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलो. त्यामुळे पुण्या-साताऱ्याच्या फडांवर परवान्याची आफत होती तेव्हा आपल्याकडची दंडार आणि पूर्वेकडची खडी गंमत अर्जाविना चालू होती. त्यांच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. दुर्लक्षाने कला मरते असे आपण म्हणतो. कधीकधी ती दुर्लक्षाने वाचतेही.

राष्ट्र सेवा दलाचे कलापथक ही समाजवाद्यांची दुसरी शाखा. साम्यवाद्यांशी यांचे जमत नसे. पु. ल. देशपांड्यांचे ‘पुढारी पाहिजे’ तिथले. निळू फुले, दादा कोंडके, राम नगरकर या मुशीतून आले. प्रबोधन करायला निघालेल्या या पथकांनी महाराष्ट्राला काय दिले, तर विनोदी नट दिले! वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ साली आले, आणि दादा कोंडक्यांनी संहितेबाहेर जाऊन मंत्र्यांची जी टोपी उडवली तिच्यासाठी लोकांनी रांगा लावल्या. कोऱ्या जागेने पुन्हा बाजी मारली.

केंद्र सरकारने १९५४ मध्ये गीत आणि नाटक विभाग काढला. धरण, बी-बियाणे, कुटुंबनियोजन, सगळ्याचे पोवाडे झाले. आजही जिल्हा माहिती कार्यालयाच्या यादीवर कलापथके असतात. योजनेची माहिती गाण्यात घालायची, बाजाराच्या दिवशी कार्यक्रम करायचा, फोटो आणि अहवाल जोडून बिल टाकायचे. मी या कलावंतांना नावे ठेवणार नाही. लग्नसराईत डीजे आल्यापासून डफ वाजवणाऱ्याला दुसरे गिऱ्हाईक उरले नाही. ज्येष्ठ कलावंतांना दरमहा ५,००० रुपये मानधन मिळते; ते वेळेवर मिळावे आणि वाढावे. पण योजनेच्या पोवाड्यात सोंगाड्याने ‘हप्ता कधी येईल हो साहेब?’ एवढे विचारले तर पुढच्या वर्षी त्या पथकाचे नाव यादीत राहील का, याचा अंदाज तुम्हीच करा. पोटाला मिळते आणि उलट उत्तर देण्याची सोय जाते. सोव्हिएत संघात हेच झाले, फक्त तिथे किंमत तुरुंगाची होती.

तिथे ‘चास्तुश्का’ नावाची चार ओळींची चटपटीत गाणी होती, अजूनही आहेत. लग्नात, जत्रेत, अ‍ॅकॉर्डियनवर, एकाने टाकायचे, दुसऱ्याने उत्तर द्यायचे. सामुदायिक शेतीचे गुणगान करणाऱ्या चास्तुश्का संग्रहांत छापल्या जात. धान्य उचलून नेणाऱ्या अधिकाऱ्यावरच्या चास्तुश्का गायल्या म्हणून लोक तुरुंगात गेले. लोकसाहित्याच्या संस्था काढणाऱ्या, संग्राहकांना पगार देणाऱ्या राज्यात त्या काळचे सर्वांत जिवंत लोकसाहित्य गोळा करणे हाच गुन्हा होता. त्यातले काही आज कळते ते पोलिसांच्या कागदांतून! खबऱ्याने लिहिलेली टाचणे संग्राहकाच्या वहीपेक्षा इमानी निघाली.

चास्तुश्का वाचताना मला आपल्या पोळ्याच्या झडत्या आठवतात. श्रावणी अमावास्येला बैल तोरणाखाली उभे राहतात, वाजंत्री थांबते, एक जण हात वर करून झडती टाकतो आणि शेवटी महादेवाच्या नावाने गजर होतो. त्या चार-सहा ओळींत कापसाचा भाव असतो, बोगस बियाणे असते, पीकविम्याची चौदा-पंधरा रुपयांची थट्टा असते, आमदाराचा पक्षबदल असतो. तोरणाजवळ पाटील उभा असतो, पोलीस उभे असतात, आणि देवाच्या गजरात सगळे हसतात. मंजुरीला कोणाकडे पाठवायच्या? संध्याकाळपर्यंत जुन्या होतात. एवढ्या वर्षांत कापसावरच्या झडत्या कोणी सालवार लिहून ठेवल्या असत्या तर खामगावच्या बाजाराचा इतिहास शेतकऱ्याच्या बाजूने वाचता आला असता. भावाचे आकडे बाजार समितीकडे आहेत. त्या भावाला शिवी काय दिली, ते कोणाकडेही नाही.

दुसरे उदाहरण जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळचे. अक्षय तृतीयेला संध्याकाळी शेतात घट मांडतात, भोवती धान्ये ठेवतात, दुसऱ्या दिवशी पहाटे पाहून पावसापाण्याचे भाकीत सांगतात. पानविडा म्हणजे राजा, करंजी म्हणजे तिजोरी, भादली म्हणजे रोगराई, मसूर म्हणजे परका शत्रू. विडा हलला की गादी हलली. अंधश्रद्धा निर्मूलनवाले या भाकितांवर टीका करतात आणि हवामानाच्या बाबतीत मी त्यांच्याच बाजूचा आहे. पेरणी घटावर नको, ओलीवर करा. पण राज्याची तिजोरी करंजीत मावते आणि रात्रीतून मुंग्या ती नेऊ शकतात, ही कल्पना मला कोणत्याही राज्यशास्त्राच्या पुस्तकापेक्षा सरस वाटते. निवडणुकीच्या दिवसांत आचारसंहितेमुळे राजकीय भाकीत न सांगण्याची वेळही या मांडणीवर आली आहे. म्हणजे सरकारला विडा कळतो.

आता अण्णा भाऊंचे पुढे काय झाले ते सांगतो. १९६१ साली ते रशियाला जाऊन आले आणि त्यांनी प्रवासवर्णन लिहिले. तो देश त्यांना मनापासून आवडला. उपाशी राहिलेल्या माणसाला भरल्या पोटाचे शहर आवडावे यात नवल नाही. मुंबईत ते १९६९ साली हलाखीत गेले. १४ सप्टेंबर २०२२ ला मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, महाराष्ट्राच्या उपमुख्यमंत्र्यांच्या हस्ते. तोवर सोव्हिएत संघ उरला नव्हता, आणि पुतळा उभारणारे सरकार लाल बावट्याचे नव्हते. दोन्हीकडच्या सरकारांना अण्णा भाऊ चालले. त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड ज्या बेळगाव-कारवारसाठी रडते, तो प्रश्न मात्र अजून न्यायालयात आहे. त्यावर नवी छक्कड कोणत्याही सरकारी यादीतल्या पथकाला मिळायची नाही.

माझी तुमच्याकडे एक मागणी आहे, आणि ती महाविद्यालयात शिकणाऱ्या पोरापोरींकडे जास्त. यंदाच्या पोळ्याला मोबाईलवर झडत्या रेकॉर्ड करा आणि वहीत उतरवा. गाव, साल, कापसाचा त्या आठवड्याचा भाव, तोरण कोणी बांधले, मानाचा बैल कोणाचा, कोणाची जोडी मागे उभी होती आणि का, हे बाजूला लिहा. ट्रॅक्टर घेऊन कोणी आले असेल तर तेही. बायका तोरणाजवळ झडत्या टाकत नाहीत. त्यांचे बोलणे भुलाबाईच्या गाण्यांत सापडेल, तेव्हा कोजागिरीपर्यंत वही बंद करू नका, आणि भुलाबाईत सासरावरचे जे कडू निघेल ते शुद्धलेखनासकट सुधारू नका. झडती सांगणाऱ्याने नाव लिहू नको म्हटले तर लिहू नका. शिवी आली तर पूर्ण लिहा, फुल्या मारू नका. आणि अनुदानासाठी अर्ज करायचा मोह झालाच, तर आधी वहीच्या दोन प्रती काढून एक गावात ठेवा. कार्यालयात गेलेल्या वहीची पाने कमी होतात, हा रशियाचाही अनुभव आहे आणि आपलाही.